ख्रिस्ती सिद्धान्तशास्त्राचे ग्रंथ कसे निवडावे?

उत्तर कोंकणच्या इतिहासाचा अभ्यास करणारास केव्हां ना केव्हां ख्रिस्ती धर्ममतांचा विचार करावाच लागतो. वसई-साष्टींतील पोर्तुगीज अमल, इ. स. १७३९ चा वसईचा विजय, एकोणिसाव्या शतकांतील मिशनऱ्यांचे वाद, बाबा पदमनजी, नारायण वामन टिळक व पंडिता रमाबाई यांचीं चरित्रें, यांपैकीं कोणताहि विषय घेतला तरी त्रैक्य, देहधारण, प्रायश्चित्त, कृपा हे शब्द वाटेंत उभे राहतात. त्यांचा अर्थ पाहण्यासाठीं अभ्यासक पुस्तक शोधूं लागतो, आणि घोटाळ्यास येथेंच आरंभ होतो. जें पुस्तक आधीं हातीं लागतें तेंच त्या धर्माचें प्रमाण पुस्तक असें तो गृहीत धरतो. आणि मराठींत आधीं हातीं लागतें तें बहुधा वादाचें पुस्तक असतें, सिद्धान्ताचें नसतें.

न्यायशास्त्रांत कथेचे वाद, जल्प आणि वितंडा असे तीन प्रकार सांगितले आहेत. तत्त्वनिर्णयासाठीं होतो तो वाद, जयासाठीं होतो तो जल्प, आणि स्वतःचा पक्ष न मांडतां केवळ परपक्ष खोडून काढणें ती वितंडा. इ. स. १८३१ मध्यें मुंबईंत डॉ. जॉन विल्सन व मोरभट दांडेकर यांची चर्चा झाली. १८५७ मध्यें विष्णुबावा ब्रह्मचारी यांचे समुद्रकांठचे वाद गाजले. ह्या प्रसंगांतून दोन्ही बाजूंस पुष्कळ पुस्तकें व पत्रकें निघालीं. इतिहासाचीं साधनें म्हणून त्यांची योग्यता मोठी आहे, हें कोणीहि नाकारणार नाहीं. पण त्यांतील बराच भाग जल्पाचा आहे. जल्पांत वक्ता आपल्या पक्षाचें तेवढेंच अंग पुढें करतो, जें प्रतिपक्षास लागेल. म्हणून अशा पुस्तकावरून वादाचा इतिहास कळतो. धर्माचें शास्त्र कळत नाहीं. हा भेद न पाळल्यामुळें इतिहासलेखनांत कोणते दोष शिरतात, व ते टाळण्यासाठीं ग्रंथ कोणत्या कसोटीनें निवडावे, एवढाच ह्या लेखाचा विषय आहे. कोणत्या मताचा सिद्धान्त खरा, हा प्रश्न येथें नाहीं.

दोषाचें उदाहरण जवळचेंच घेऊं. ट्रॉम्बे, ज्यास मराठींत तुर्भें म्हणतात, तें साष्टीच्या आग्नेयेस असलेलें पूर्वीचें बेट. ह्या सर्व पट्ट्यांतील जुने ख्रिस्ती, ज्यांनीं १८८७ पासून ‘ईस्ट इंडियन’ हें नांव धारण केलें, ते पोर्तुगीज काळापासून रोमन कॅथॉलिक परंपरेचे. परंतु मराठी ख्रिस्ती वाङ्मय छापण्याचें मोठें काम ज्यांनीं केलें ते अमेरिकन मिशनचे लोक मुंबईंत आले १८१३ सालीं, आणि विल्सनसाहेब आले १८२९ सालीं. हे सर्व प्रॉटेस्टंट. म्हणजे येथील जुना ख्रिस्ती एका परंपरेचा, आणि ग्रंथालयांत सांपडणारें मराठी ख्रिस्ती पुस्तक दुसऱ्या परंपरेचें, अशी स्थिति आहे. नुसत्या शब्दांवरूनहि हा भेद ओळखतां येतो. प्रॉटेस्टंट लेखक ‘मंडळी’ म्हणतो तेथें कॅथॉलिक ‘ख्रिस्तसभा’ म्हणतो. एक ‘प्रभुभोजन’ म्हणतो, तर दुसरा ‘मिस्सा’. हे पर्याय केवळ बोलीचे नव्हत. त्यांच्यामागें संस्कार दोन कीं सात, धर्मशास्त्र हें एकच प्रमाण कीं त्याच्या जोडीस परंपराहि प्रमाण, मनुष्य केवळ विश्वासानें नीतिमान ठरतो कीं कसें, असे मोठे मतभेद उभे आहेत.

आतां कोणी अभ्यासक साष्टींतील गांवकुसाचे क्रूस, संतांचे सण, मृतांसाठीं होणाऱ्या प्रार्थना यांचें वर्णन करूं लागला, आणि प्रमाण म्हणून त्यानें प्रॉटेस्टंट मिशनचें पुस्तक समोर ठेविलें, तर त्यास ह्या सर्व गोष्टी ख्रिस्ती धर्माच्या बाहेरच्या दिसतील. मग तो सहज लिहून जाईल कीं, हे लोक नांवाचे ख्रिस्ती झाले, पण जुन्या देवदेवस्कीच्या चालीच त्यांनीं वेष पालटून चालू ठेविल्या. वस्तुतः शोधनस्थान, संतांची मध्यस्थी, त्यांचे अवशेष व प्रतिमा यांविषयीं रोमन कॅथॉलिक धर्माचा निर्णय ट्रेंट येथील परिषदेनें १५६३ च्या शेवटच्या बैठकींत स्पष्ट शब्दांनीं केलेला आहे. ज्या मिशनऱ्यांनीं साष्टींत देवळें उभारलीं, त्यांच्या पुष्कळ पिढ्या ह्या परिषदेनंतरच्या होत्या. तेव्हां ह्या चालींचें मूळ आधीं त्या धर्माच्या स्वतःच्या शिकवणींत पाहिलें पाहिजे. तेथें जें सांपडणार नाहीं त्याविषयींच पूर्वसंस्काराचा तर्क करावा. कांहीं रूढि खरोखरच जुन्या समाजांतून आलेल्या असतील. पण ही निवड धर्मशास्त्र वाचल्यावांचून करतां येत नाहीं. चुकीच्या पुस्तकावर विसंबून शेजाऱ्याच्या श्रद्धेस ढोंग म्हणणें हा इतिहासाचा दोष तर आहेच, शिवाय तो अन्याय आहे.

ह्यावर उपाय नवा शोधावयास नको. आमच्या शास्त्रग्रंथांच्या आरंभीं अनुबंधचतुष्टय सांगण्याची चाल आहे: अधिकारी, विषय, संबंध आणि प्रयोजन. हे चार प्रश्न ख्रिस्ती ग्रंथासहि विचारावे. हा ग्रंथ कोणासाठीं लिहिला, नवशिक्यासाठीं, उपाध्यायासाठीं, कीं प्रतिपक्ष्यासाठीं? त्याचा विषय सगळें शास्त्र आहे कीं एकच प्रकरण? लेखक कोणत्या पंथाशीं बांधलेला आहे, आणि त्या पंथाचीं प्रमाणवचनें तो मानतो कीं बदलतो? शेवटीं, त्याचें प्रयोजन समजावून सांगणें आहे कीं जिंकणें? ह्या चौकडींतून पुस्तक नेलें म्हणजे तें कशासाठीं वापरावें व कशासाठीं वापरूं नये, हें पुष्कळसें कळतें.

ही कसोटी लावून पाहण्यास उत्तम ग्रंथ म्हणजे जॉन म्यूर याची संस्कृत ‘मतपरीक्षा’. म्यूर कंपनीच्या नोकरींतील, पुढें संस्कृत विद्येंत नांवाजलेला. त्यानें १८३९ सालीं गुरुशिष्यसंवादाच्या रूपानें श्लोकबद्ध ग्रंथ रचून खऱ्या धर्माचीं लक्षणें सांगितलीं: संस्थापकाच्या अंगीं चमत्काराचें सामर्थ्य, शास्त्राची पवित्रता, आणि तें सर्व मानवांसाठीं असणें. ह्यास तिघां पंडितांनीं संस्कृतांतच उत्तरें दिलीं: सोमनाथ ह्या नांवानें ‘मतपरीक्षाशिक्षा’ (१८३९), हरचंद्र तर्कपंचानन यांचा ‘मतपरीक्षोत्तर’ (१८४०), आणि काशीचे नीळकंठशास्त्री गोऱ्हे यांचा ‘शास्त्रतत्त्वविनिर्णय’ (१८४४-४५). सोमनाथ हें नांव सिहोरचे मराठी ज्योतिषी सुबाजी बापू यांनीं घेतलेलें होतें, असें रिचर्ड फॉक्स यंग यांचें मत आहे. त्यांनीं १९८१ च्या आपल्या ग्रंथांत ह्या सर्व वादाचा इतिहास दिला आहे. म्हणजे चार ग्रंथांपैकीं दोहोंशीं मराठी माणसांचा संबंध येतो.

‘मतपरीक्षे’चें संस्कृत प्रयत्नपूर्वक साधलेलें आहे, आणि परक्याच्या शास्त्रभाषेंत उतरून बोलण्याचा लेखकाचा यत्न आदरणीय आहे. परंतु हा ग्रंथ सिद्धान्ताचा नव्हे. त्याचा सगळा भर प्रमाणविचारावर आहे: हा धर्म खरा कां मानावा, एवढेंच तो सांगतो. चमत्कारावरून धर्माची सत्यता सिद्ध करण्याची ही रीत अठराव्या शतकांतील इंग्लंडांत रूढ झालेल्या युक्तिवादाची आहे. ख्रिस्ती शास्त्रकारांच्या दीर्घ परंपरेंत ती एक शाखा आहे, मूळ नव्हे. ह्यामुळें झालें काय, तर पंडितांनीं जें खोडलें तें म्यूरनें मांडलेलें होतें. ख्रिस्ती शास्त्राचा मुख्य भाग तसाच बाजूस राहिला.

नीळकंठशास्त्र्यांचे आक्षेप मात्र मुळास हात घालणारे आहेत. पूर्वजन्म मानिला नाहीं तर जन्मतःच दिसणाऱ्या सुखदुःखाच्या वैषम्याची उपपत्ति कशी लागते? मर्यादित आयुष्यांतील पापास अनंत शिक्षा देणारा ईश्वर न्यायी कसा? हे प्रश्न ख्रिस्ती शास्त्रकारांस अपरिचित नव्हते. ऑगस्टिन (३५४-४३०) याच्या ‘देवनगरी’ ह्या ग्रंथाचा एकविसावा भाग अनंत शिक्षेच्या प्रश्नासच वाहिलेला आहे. त्याचें उत्तर पटेल न पटेल. पण वादाची खरी भूमि ती होती, आणि ‘मतपरीक्षा’ वाचून ती दिसत नाहीं. पंडितांस दोष देण्यांत अर्थ नाहीं. त्यांच्यासमोर जो पूर्वपक्ष ठेविला गेला त्यासच त्यांनीं उत्तर दिलें. पण ज्यांच्या ग्रंथालयांत आज ऑगस्टिन आहे त्या आपणांस ही सबब नाहीं.

ह्याच नीळकंठशास्त्र्यांनीं १८४८ मध्यें ख्रिस्ती धर्म स्वीकारला, आणि पुढें हिंदींत ‘षड्दर्शनदर्पण’ (१८६०) लिहून दर्शनांचें खंडन केलें. हाहि खंडनग्रंथच, त्याचे निष्कर्ष मान्य नसणारे पुष्कळ आहेत, आणि प्रस्तुत लेखकहि वेदान्तावरील त्यांचे सर्व आक्षेप मान्य करीत नाहीं. तथापि म्यूरच्या ग्रंथाहून त्याची योग्यता अधिक आहे, कारण ज्या दर्शनांचें खंडन करावयाचें तीं लेखकानें गुरुमुखानें शिकलेलीं होतीं. पूर्वपक्ष त्याच्याच घरांतून आणलेला आहे. ग्रंथनिवडीची पहिली कसोटी ह्यावरून निघते. परमताचा ग्रंथ पाहतांना, परमताचा मनुष्य तो वाचून हें माझेंच मत आहे असें म्हणेल काय, हें पाहावें. म्हणेल तर ग्रंथ घ्यावा. न म्हणेल तर तो वादाच्या इतिहासांत ठेवावा.

तर मग सिद्धान्ताचे ग्रंथ कोणते? येथेंहि आपल्या शास्त्रांतील वर्गीकरण उपयोगीं पडतें. सूत्रस्थानीं पुरातन श्रद्धावचनें आहेत: नायसीया (३२५) व कॉन्स्टँटिनोपल (३८१) येथील परिषदांतून सिद्ध झालेलें श्रद्धावचन, आणि ख्रिस्त ही एक व्यक्ति असून तिचे स्वभाव दोन, हा कॅल्सिडन (४५१) येथील निर्णय. हीं वचनें थोडकीं आहेत, एका बैठकींत वाचून होतात, आणि कॅथॉलिक व प्रमुख प्रॉटेस्टंट ह्या दोघांसहि सामान्यतः मान्य आहेत. म्हणून आरंभ येथून करावा. त्यानंतर बालबोध प्रश्नोत्तरी व उपदेशग्रंथ. रोमन परंपरेसाठीं १५६६ चा ट्रेंट परिषदेचा उपदेशग्रंथ घ्यावा. त्याचे श्रद्धावचन, संस्कार, आज्ञा व प्रभूची प्रार्थना असे चार भाग आहेत. स्कॉटिश परंपरेसाठीं वेस्टमिन्स्टरची लघु प्रश्नोत्तरी घ्यावी; तिच्यांत १०७ प्रश्न आहेत. विल्सनसाहेबांचें एकहि पत्रक उघडण्यापूर्वीं हे १०७ प्रश्न वाचणें इष्ट, कारण ज्या सिद्धान्ताच्या आधारावर ते बोलत होते तो येथें आहे.

पुढें निबंधग्रंथ. त्यांत थॉमस अक्वायनस (मृत्यु १२७४) याचा, अपुरा राहिलेला, धर्मसिद्धान्तसंग्रह मुख्य. मीमांसेच्या परिचितास हा ग्रंथ परका वाटणार नाहीं. प्रत्येक प्रकरणांत आधीं प्रश्न, मग अनेक पूर्वपक्ष, मग उलट बाजूचें एखादें प्रमाणवचन, मग ग्रंथकाराचा सिद्धान्त, आणि शेवटीं प्रत्येक पूर्वपक्षाचें वेगवेगळें समाधान. आपल्या अधिकरणांतील विषय, संशय, पूर्वपक्ष, उत्तर व संगति ह्या अंगांशीं ही रचना ताडून पाहण्यासारखी आहे. पण साम्यानें भुलूं नये. अधिकरणाचें काम श्रुतिवाक्याचा अर्थ लावणें. येथें वाक्यार्थाबरोबर स्वतंत्र तर्कानें वस्तुनिर्णयहि चालतो. प्रॉटेस्टंट पक्षाचा तसाच पायाचा ग्रंथ म्हणजे जॉन कॅल्व्हिन याच्या ‘संस्था’, पहिली आवृत्ति १५३६ ची, अखेरची लॅटिन १५५९ ची, चार भागांची. दोहोंपैकीं एकच वाचणें म्हणजे शांकरभाष्य वाचून श्रीभाष्याविषयीं लिहिणें होय.

आतां मराठी भाषेचें भूषण जें ‘क्रिस्तपुराण’, त्याची जागा कोठें? फादर थॉमस स्टीफन्स १५७९ मध्यें गोव्यास आले, आणि त्यांचें हें पुराण १६१६ मध्यें राचोल येथें रोमन लिपींत छापलें गेलें. त्याच्या काव्यगुणांविषयीं पुष्कळ लिहिलें गेलें आहे. येथें प्रश्न वेगळा आहे. सिद्धान्त शिकण्यासाठीं हा ग्रंथ घ्यावा काय? आमच्या मतें पहिला ग्रंथ म्हणून घेऊं नये. हें पुराण आहे. कथा सांगणें, भाव जागविणें, श्रोत्याच्या ओळखीच्या शब्दांतून अनोळखी अर्थ त्याच्या मनांत नेणें हें त्याचें काम. त्यांत स्वर्गास वैकुंठ म्हटलेलें दिसतें, तें वैष्णवांचें वैकुंठ मान्य आहे म्हणून नव्हे. ज्यास मूळ सिद्धान्त ठाऊक नाहीं तो अशा शब्दावरून धर्मसंकराचा निष्कर्ष काढील. ज्यास ठाऊक आहे त्यास भाषान्तरकाराची योजना दिसेल. म्हणून आधीं स्टीफन्स यांचीच कोंकणी ‘दौत्रिना क्रिस्तां’ पाहावी. मार्कुश जॉर्ज यांच्या पोर्तुगीज प्रश्नोत्तरीच्या आधारें रचलेली ही पुस्तिका त्यांच्या मृत्यूनंतर १६२२ मध्यें राचोलासच छापली गेली, आणि १९४५ मध्यें मारियानु साल्दाञ यांनीं लिस्बन येथें पुन्हां प्रसिद्ध केली. प्रश्नोत्तरी हें सूत्र, पुराण हा विस्तार. क्रम असा ठेवावा.

आवृत्तीचाहि विचार हवा. जोसेफ साल्दाना यांची मंगळूरची रोमन आवृत्ति १९०७ ची, शांताराम बंडेलू यांची पुण्याची नागरी आवृत्ति १९५६ ची. याशिवाय लंडन येथें मार्सडेन यांच्या संग्रहांतील नागरी हस्तलिखित आहे. जस्टिन ॲबट यांनीं त्याकडे अभ्यासकांचें लक्ष वेधलें. रोमन पाठांत जेथें पोर्तुगीज-लॅटिन शब्द तसेच ठेवलेले आहेत तेथें मार्सडेन पाठांत पुष्कळदां संस्कृत शब्द येतात. सिद्धान्ताच्या दृष्टीनें हा पाठभेद किरकोळ नव्हे: परका शब्द ठेवणें म्हणजे अर्थ राखून धरणें, आणि संस्कृत शब्द घालणें म्हणजे जुन्या अर्थाचा धोका पत्करणें. एकाच पाठावरून स्टीफन्स यांच्या धोरणाविषयीं अनुमान बांधूं नये. वसई-साष्टीच्या बाजूस लोकप्रिय झालेलें फ्रान्सिश्कु वाझ द गिमराँइश यांचें ख्रिस्ताच्या दुःखभोगाचें पुराण (१६५९) ह्यासहि हाच नियम लागू आहे. लोकांच्या कंठांत काय होतें तें त्यावरून कळेल. शास्त्र कळणार नाहीं.

मराठी किंवा संस्कृत भाषान्तर निवडतांना चार शब्द काढून पाहावे, असें आम्हीं सुचवितों. पहिला ‘ईश्वर’. शांकर वेदान्तांत ईश्वर म्हणजे मायोपहित ब्रह्म, निर्गुणाहून खालचा. ख्रिस्ती मतांत ईश्वराच्या वर कांहीं नाहीं. दुसरा ‘सृष्टि’. सांख्यांचा सत्कार्यवाद असो कीं नैयायिकांचा असत्कार्यवाद असो, उपादान दोघांसहि लागतें; ख्रिस्ती मतानें जग उपादानावांचून, केवळ ईश्वराच्या संकल्पानें, उत्पन्न झालें. तिसरा ‘अवतार’. अवतार अनेक, देहधारण एकच, आणि तें मानवी स्वभाव कायमचा स्वीकारणारें. म्हणूनच ‘देहधारण’ हा शब्द घडविला गेला. चौथा ‘प्रायश्चित्त’. धर्मशास्त्रांत पाप करणारानें स्वतः प्रायश्चित्त घ्यावयाचें असतें. ख्रिस्ती मतांत तें दुसऱ्यानें त्याच्यासाठीं केलेलें आहे. जो भाषान्तरकार ह्या चार ठिकाणीं टीप देतो किंवा निदान शब्दाची मर्यादा सांगतो, त्याचें पुस्तक विश्वासानें घ्यावें. जो चारहि शब्द विनाविचार वापरीत जातो, त्याचें पुस्तक कितीहि सुबोध असलें तरी मुळाशीं ताडल्यावांचून वापरूं नये.

आणखी एक खबरदारी काळाविषयीं. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (१९६२-६५) रोमन कॅथॉलिक ग्रंथांची मांडणी व इतर धर्मांविषयींची भाषा बरीच बदलली, आणि १९९२ मध्यें नवा उपदेशग्रंथ निघाला. आजच्या कॅथॉलिक शेजाऱ्याचें मत समजून घ्यावयाचें असेल तर तो अवश्य वाचावा. पण त्यावरून सोळाव्या-सतराव्या शतकांतील साष्टीचा इतिहास लिहूं नये. त्या काळास १५६६ चा ग्रंथच प्रमाण. उलट, १५६६ च्या ग्रंथावरून आजच्या मनुष्याची परीक्षा करणें हीहि तितकीच मोठी चूक होईल.

एवढें सर्व वाचण्यास सवड कोणास, असा प्रश्न कोणी करील. त्यास उत्तर असें कीं, सर्व वाचण्याची गरज नाहीं. साष्टी-वसईविषयीं लिहिणारानें श्रद्धावचनें, १५६६ च्या उपदेशग्रंथांतील संस्कारांचा भाग, ट्रेंटच्या परिषदेचे १५४७ व १५६३ चे निर्णय, आणि मग स्टीफन्स वाचावा. एकोणिसाव्या शतकांतील वादांविषयीं लिहिणारानें श्रद्धावचनें, वेस्टमिन्स्टरची प्रश्नोत्तरी, कॅल्व्हिनमधील निदान कृपा व विश्वास यांवरील प्रकरणें, आणि मग ‘मतपरीक्षा’ व तिचीं उत्तरें वाचावीं. टिळक व रमाबाई यांच्या चरित्रकारानें ह्याच वाटेनें जावें. पण हीं दोन्ही माणसें एका पंथाच्या चौकटींत न मावणारीं होतीं, हें लक्षांत ठेवावें. ह्या क्रमांत वादग्रंथ शेवटीं येतो. आधीं सिद्धान्त ठाऊक असला म्हणजे वादग्रंथांत काय सांगितलें, ह्याबरोबर काय गाळलें, हेंहि दिसूं लागतें. आणि इतिहासकारास पुष्कळदां गाळलेलेंच अधिक उपयोगी पडतें.

आमच्या पूर्वाचार्यांनीं बौद्धांचें, जैनांचें, चार्वाकांचें मत खोडण्यापूर्वीं तें नीट मांडण्याचा दंडक घालून दिला होता. तो सर्वांनीं सारखाच पाळला असें नव्हे. पण ज्यांनीं पाळला त्यांचेच ग्रंथ टिकले. ख्रिस्ती मताविषयीं लिहितांना तोच दंडक पाळावा, आणि मंडळाच्या संग्रहांत मिशनऱ्यांचीं वादाचीं पुस्तकें ज्या कपाटांत आहेत त्याच कपाटांत त्यांच्या पंथांचीं श्रद्धावचनें व प्रश्नोत्तऱ्या आणून ठेवाव्या, अशी चालकांस विनंति आहे. पुस्तकें थोडीं आहेत व खर्च फार नाहीं.